एकदम सोडायचं नसतं

नवापूर
२९ जून २०२५

रंजिता,

रंजू लिहिणार नाही. शुक्रवारी तुला शहाद्यात पाहिलं, तेव्हापासून ते नाव तोंडात येत नाही.

मी पवनच्या टेम्पोतून अंडी घेऊन आलो होतो. तू रोशनीवहिनीबरोबर कापडाच्या दुकानातून बाहेर पडलीस. आधी ओळखलंच नाही. वर्गात पोरं जिला काडी म्हणायची ती तू, आणि आता चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, गाल लाल, हनुवटीखाली मांस. हातात साड्यांच्या पिशव्या. सुरतेचं स्थळ चांगलंच मानवलेलं दिसतंय.

आणि मी बघ. स्टँडवर तुझा भाऊ आपल्याबद्दल वाईट बोलला म्हणून त्याला चारचौघांत मारलं, प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र फेकलं, दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं, आणि आता या पोल्ट्रीत कोंबड्यांच्या विष्ठेत उभा असतो. तुम्ही पाटील, आम्ही गुजर, हे काय मला माहीत नव्हतं? तरी उभा आहे. जेवण जात नाही. पँट दोरीने बांधतो. प्रेम करणारा माणूस असा दिसतो, रंजिता. तुझ्यासारखा नाही.

एवढी खूश असशील तर एका ओळीत तसं लिही आणि अंडीवाल्या कमलीबाईच्या हाती दे. मी तिला पुन्हा तुझ्या दारी पाठवणार नाही.

नवनीत

*

६ जुलै

नवनीत,

तुझं पत्र अंड्यांच्या ट्रेखाली आलं. कमलीबाई हसत होती, म्हणाली, "तुन्हा नवनीत येडा व्हई गया, ट्रेमा अंडा कमी नि कागद जास्त." भाग्येशदादा व्यायामाला जातो म्हणून आमच्याकडे अंडी लागतात, नाहीतर माझा फोन काढून घेतल्यापासून तुझा माझा हा एवढाही रस्ता उरला नसता.

मी खूश नाही. मी सुजले आहे.

माघात एक स्थळ आलं होतं. त्यांनी पाहिलं आणि निरोप दिला, पोरगी वाळकी आहे. आई दोन दिवस जेवली नाही. मग वहिनी मला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. दारावर पाटी नाही, आत बाया रांगेने बसलेल्या. त्याने कागदाच्या पुड्या दिल्या, रोज सकाळी एक. तेव्हापासून चालू आहेत. सुरुवातीला इतकी भूक लागली की मी शिळ्या भाकरी उभ्या उभ्या खायचे. आई खूश. मग गाल आले. मग मानेमागे गोळा आला. पोटावर जांभळ्या रेघा उठल्यात, जणू कोणी नखांनी ओरबाडलंय. हातपाय मात्र काडीच आहेत, ते साडीत दिसत नाहीत. ओठावर लव आली आहे, वहिनी दर आठवड्याला दोऱ्याने काढते. झोप नाही. आरशात बघते तर कोणी दुसरीच बाई माझ्याकडे बघत असते.

सुरतेच्या लोकांना ती दुसरी बाई पसंत पडली. दिवाळीनंतर लग्न म्हणतात.

मी तुला दुकानाबाहेर पाहिलं होतं. तू मला ओळखलं नाहीस हेही पाहिलं. म्हणून मान फिरवली.

रंजिता

*

१० जुलै

रंजू, रंजू,

मला माफ कर. तुझं पत्र वाचून मी खुराड्याच्या जाळीवर मूठ मारली, बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय.

ती पुडी म्हणजे स्टिरॉइड आहे. मला माहीत आहे. झूलॉजीच्या वर्गात सरांनी शिकवलं तेव्हा तू पुढच्या बाकावर होतीस आणि मी तुझी वेणी बघत होतो, तरी तेवढं डोक्यात राहिलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक ग्रंथी असते, टोपी घातल्यासारखी. तिला नळी नाही. लाळेला नळी आहे, घामाला आहे, हिला नाही. ही आपलं संप्रेरक थेंबाथेंबाने थेट रक्तात सोडते, आणि रक्त ते अंगभर नेतं. त्यातलं एक कॉर्टिसॉल. सकाळी माणसाला उठवतं, उपाशी असलो तर रक्तात साखर धरून ठेवतं, ताप आला, घाबरलो तर शरीराला उभं ठेवतं. किती सोडायचं हे ती स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका असते, तिचा हुकूम येतो.

इथे मी हे रोज डोळ्यांनी बघतो. लोक म्हणतात पोल्ट्रीवाले कोंबड्यांना इंजेक्शनं देतात. काही देत नाहीत. फक्त बल्ब लावतात. उजेड जास्त वेळ राहिला की कोंबडीच्या मेंदूला वाटतं दिवस मोठा झाला, तिची पीयूषिका हुकूम सोडते, आणि ती अंडं घालते. एका बल्बवर अख्खं शेड चालतं. शरीराला फसवणं इतकं सोपं आहे.

तुलाही त्या हरामखोराने तसंच फसवलंय. ते कॉर्टिसॉलसारखंच औषध, पण किती आहे ते ना त्याला माहीत ना तुझ्या वहिनीला. चेहरा गोल होतो, मानेवर चरबी, हातपाय वाळतात, कातडी फाटते, हाडं पोकळ होतात. सगळं पुस्तकात आहे, मी तेव्हा खाली रेघा मारल्या होत्या.

टाकून दे. आजच. एकही पुडी तोंडात जाता कामा नये. मी सुटी घेऊन त्या डॉक्टरचे दात पाडायला निघालो होतो, पवनने धरून ठेवलं. माझ्यावर प्रेम असेल तर एवढं कर. नसेल तर खा आणि सुरतेला जा.

तुझा नवनीत

*

२७ जुलै

नवनीत,

उशीर झाला. वहिनी पुडी पाण्यात कालवते आणि घोट उतरेपर्यंत समोर उभी राहते. टाकायची कुठे? भांडले असते तर तुझं नाव निघालं असतं.

मग श्रावण लागला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की कानबाई देवी घरी बसून विसर्जन होईपर्यंत माझा नेम आहे, औषधपाणी काही घेणार नाही, आणि एकवेळच जेवीन. वहिनीचं तोंड उघडंच राहिलं. नेमाला कोण नाही म्हणेल? आई तर डोळे पुसत होती, पोरीला अक्कल आली म्हणून. पुड्या डब्यात आहेत, कानबाईचं विसर्जन झालं की परत चालू करायच्या असं ठरलंय. तोवर मला बरं वाटलं तर बघू.

पहिला दिवस छान गेला. कालपासून तोंडाची चव गेली आहे, सांधे दुखतात, उठलं की भोवंडतं. आई म्हणते नेमाचं आहे, नेम म्हणजे त्रास व्हायचाच.

कमलीबाई आजची शेवटची. श्रावणात आमच्या गल्लीत अंडं कोणी घेत नाही, तिला दाराशी यायला निमित्त नाही. पण विसर्जनाला अख्खं गाव तापीवर येतं, तेव्हा ती घाटावर असेल.

तुझं म्हणणं मी ऐकलं. आता तरी कठोर लिहू नको.

रंजिता

*

३० जुलै

माझी रंजू,

पत्र वाचलं आणि शेडमधून धावत सुटलो. कोंबड्या बिथरल्या, मालकाने शिव्या घातल्या, मला ऐकूच आल्या नाहीत. तू माझ्यासाठी नेम धरलास.

ती भोवळ, ती सांधेदुखी, ते विष निघतंय. दारू सोडणाऱ्याला होतं तसंच. घाबरू नको, सहन कर. जितका त्रास जास्त तितकं शरीर साफ होतंय असं समज. आणि विसर्जनानंतर परत चालू करायचं नाव काढू नकोस. वहिनी पुडी पुढे करेल तेव्हा माझा चेहरा डोळ्यांपुढे आण. तू त्या एका क्षणी नाही म्हणालीस तर मला कळेल की तू माझी आहेस.

कमलीबाई आता शहाद्याच्या बाजारात भाजी विकते, पवन तिला हे पत्र देईल. घाटावर ती तुला देईल.

दिवाळीआधी मी काहीतरी करतो. पळून जायचं तर पळून जाऊ.

तुझाच नवनीत

*

(त्याच पत्राच्या मागे, पेन्सिलने)

४ ऑगस्ट, घाटावर

नवनीत, घाईत लिहितेय, कमलीबाई थांबली आहे, बाया फुगड्या घालताहेत.

काल रात्री कानबाईपुढे गाणी चालली होती, मला दरदरून घाम आला, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधार. कोणीतरी ओरडलं, हिच्या अंगात आली. मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, आई पाया पडली. मला सांगता येईना की माझ्या अंगात काहीच नाही, आहे तेही चाललंय. गोड खीर भरवली तेव्हा जरा उजेड दिसला. सकाळी तीही उलटली, आता पोटात काहीच टिकत नाही.

वहिनीने पुडी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. कानबाई पाण्यात सोडली तशी तिने ती माझ्या हातात दिली, नेम सुटला, घे म्हणाली. मी घेणार होते. खरं सांगते, घेणार होते.

आधी तुझं पत्र वाचलं.

पुडी तापीत सोडली. वहिनीला वाटलं मी घेतली.

रं

*

शहादा, एस. टी. स्टँड
६ ऑगस्ट

भाग्येशभाऊ,

मी तुमच्या दारात आलो आहे आणि हा कागद तुमच्या हातात दिला आहे. मी तोंडाने बोललो तर भांडण होईल, म्हणून लिहून आणलंय. तुम्हाला फोन केले, तुम्ही माझा नंबर बंद ठेवलाय, ते बरोबर आहे. हे शेवटपर्यंत वाचा. मग जे करायचं ते करा, मी हात वर करणार नाही.

रंजिता मरेल. आज उद्यात. तिला आत्ता गाडीत घाला.

तिच्या अंगात देवी आलेली नाही. ती नेमाने थकलेली नाही. वहिनी जी पुडी देत होती त्यात स्टिरॉइड आहे असं मला वाटतं. शरीरात तसंच एक संप्रेरक आपोआप तयार होतं, त्यावर माणूस जगतो. बाहेरून इतके महिने ते मिळत राहिलं की मेंदूतून हुकूम येणं थांबतं, आणि ते तयार करणारी ग्रंथी झोपी जाते, आक्रसून जाते. मग बाहेरचं एकदम बंद केलं तर आत काहीच तयार होत नाही. रक्तातली साखर उतरते, दाब उतरतो, उलट्या, घाम, भोवळ, आणि मग माणूस उठत नाही. ती थरथर म्हणजे हे होतं.

पुडी बंद करायला मी सांगितलं. आम्ही एकमेकांना पत्रं लिहितो. पुडी घातक आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं, रेघा मारून. काल पवनने तिची चिठ्ठी दिली आणि सांगितलं की कमलीबाई म्हणत होती, पोरीला दोन बायांनी धरून घाट चढवला. तेव्हा मी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं, तिला धीर द्यायला काहीतरी सापडेल म्हणून. पान उलटलं. पुढच्या पानावर लिहिलंय की हे औषध कधीही एकदम बंद करायचं नसतं, टप्प्याटप्प्याने कमी करायचं असतं. त्या पानावर माझी एकही रेघ नाही. ते शिकवलं तेव्हा मी कॉलेज सोडलेलं होतं.

आधी शहाद्यात सलाईन लावून घ्या, साखर तपासा, मग नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे फक्त एवढं सांगा: माघापासून स्टिरॉइडची पुडी होती, श्रावण लागल्यापासून एकदम बंद आहे. डब्यातल्या उरलेल्या पुड्या बरोबर न्या. लाज वाटून लपवू नका. लग्न मोडेल म्हणून लपवू नका. माझं नाव सांगायचं असेल तर सांगा, पोलिसांत सांगा, गावात सांगा.

ज्या जागेवर मी तुम्हाला मारलं त्याच बाकावर बसून हे लिहितोय. इथेच परत येऊन बसेन. तुम्हाला मारायचं असेल तर मी इथे सापडेन. पण आधी तिला न्या. पाया पडतो.

नवनीत

*

नंदुरबार
९ ऑगस्ट

नवनीत,

फोनवर तुझा आवाज ऐकला तर माझा हात उठेल, म्हणून मीही लिहितोय.

ती जिवंत आहे. गाडीतच शुद्ध गेली होती. डॉक्टरबाईंनी मी तुझं वाक्य वाचून दाखवलं तसं लगेच इंजेक्शन दिलं, ग्लुकोज लावलं. संध्याकाळी तिने आईला हाक मारली. डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्या आणली असती तर हाक मारायला कोणी नसतं.

मी दारात तुला आधी मारलं आणि मग कागद वाचला. ते उलटं व्हायला पाहिजे होतं. तेवढंच.

पत्रं आजपासून बंद.

भाग्येश पाटील

*

३१ ऑगस्ट

नवनीत,

घरी आले आहे. चेहरा अजून गोल आहे, उतरायला महिने लागतील म्हणतात.

तू दारात कसा आलास ते वहिनीने सांगितलं. दादाने विचारलं, "आठे काय काम शे तुन्हं?" आणि तू काही न बोलता कागद पुढे केलास, कानाखाली बसली तरी हात तसाच पुढे. ती म्हणते, तो पोरगा गप्प उभा राहिला म्हणूनच मला भीती वाटली. वहिनीवर मी रागावले होते. दवाखान्यात ती माझे पाय चेपत होती आणि म्हणाली, "मन्हा लगनना पहिले मन्ही मायनी मालेबी हाईच पुडी दिन्ही व्हती." तिलाही तिच्या आईने लग्नाआधी हीच पुडी दिली म्हटल्यावर मला रागावता येईना. त्या डॉक्टरकडे दादा गेला होता, कुलूप होतं.

सुरतेच्या लोकांना कळलं. त्यांनी सोडलं. आई रडली, पण या वेळी जेवली.

मला आता छोट्या गोळ्या आहेत. तेच औषध, पण मोजून. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही आठवड्यांनी थोडी कमी, मग आणखी थोडी कमी, म्हणजे आतली ग्रंथी हळूहळू जागी होईल. मी विचारलं, नाहीच झाली तर? त्या म्हणाल्या, तिला थोडी उणीव जाणवू दे, बहुतेक वेळा होते.

मी पडल्या पडल्या याचाच विचार करत होते. बाहेरून येत राहिलं की आतलं झोपतं. दादा म्हणाला कॉलेज बंद, मी बंद केलं. वहिनी म्हणाली खा, मी खाल्लं. तू म्हणालास टाक, मी टाकलं. घाटावर माझं अंग सांगत होतं घे, इतकं स्पष्ट सांगत होतं, आणि मी तुझं पत्र ऐकलं. वहिनीची पुडी आणि तुझी चिठ्ठी, नवनीत, दोन्ही बाहेरूनच यायचं. या सगळ्यात मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. तू मला वाचवलंस. मारलंही असतंस. दोन्ही तुझ्याच हातून, आणि मी मध्ये कुठेच नव्हते.

काल दादा म्हणाला, आता त्या पोराची एक ओळही या घरात येणार नाही. मी म्हटलं, एकदम नाही. तो बघतच राहिला. मी म्हटलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंस ना, एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. कमी करत जाऊ. तो हसला. नवनीत, दादाला नाही म्हणाले मी. पहिल्यांदा. आवाज कापत होता, पण माझाच होता.

तर असं. परीक्षेला बसायचं मी ठरवलंय, दादा गाडीवर सोडेल. या पत्राला उत्तर लिही, पण अर्धं पान. त्याच्या पुढचं त्याच्याही निम्मं. पळून जायचं लिहू नकोस, सुरतेला जा म्हणून लिहू नकोस, प्रेम असेल तर असं कर म्हणून तर मुळीच लिहू नकोस. माझं आतलं जागं झालं की मी माझी सांगेन, तुला ठेवायचं की नाही. आज मला खरंच माहीत नाही.

रंजिता

*

नवापूर
७ सप्टेंबर

रंजिता,

चार पानं लिहिली होती. फाडली. त्यातल्या प्रत्येक पानावर 'तू असं कर' होतं. इतकं होतं हे मला लिहिल्यावर दिसलं.

मालकाने जुनं शेड रिकामं केलं. तिथले बल्ब काढले. मी झाडू घेऊन अंधारात उभा होतो आणि मला वाटलं, आता मीही असाच, बल्ब काढल्यावरचा. दिवसभर पोट दुखतं, भूक नाही, हात थरथरतात, पवन म्हणतो ताप बघ. ताप नाही. कसला आहे ते मला माहीत आहे. जगेन.

ते पुस्तक उशाला आहे. रेघा संपल्या तिथून पुढे वाचतोय. हळू होतं, सांगणारं कोणी नाही. स्वादुपिंडापर्यंत आलोय.

तुझ्या चेहऱ्याची सूज उतरो वा न उतरो. पुढच्या वेळी शहाद्यात दिसलीस तर ओळखेन.

मला तुला एक विचारायचं होतं, मात्र पान अर्धं झालंय. थांबतो.

नवनीत